चवीपुरती चूक

तळमजल्यावर, लिफ्टच्या मागं, हॉस्पिटलचा एक विभाग होता. तिथं पेशंट कधी यायचा नाही आणि डॉक्टर यायचे ते वाट चुकूनच. यायची ती ऑपरेशनची हत्यारं. रक्ताळलेले चिमटे, कात्र्या, स्टीलच्या वाट्या एका खोलीत उतरायच्या, घासूनपुसून निघायच्या, कापडात बांधल्या जायच्या, ऑटोक्लेव्हच्या वाफेत शेकून निघायच्या आणि पलीकडच्या स्वच्छ खोलीत कपाटात जाऊन बसायच्या. मधल्या भिंतीत सामान सरकवायची एक खिडकी, तिला दोन्हीकडून दारं. इकडचं उघडलं की तिकडचं उघडत नाही. मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे जायचं, उलटं कधीच नाही. नियम एवढा एकच, पण तो मावशींच्या अंगात असा भिनलेला, की घरीसुद्धा धुतलेलं पातेलं कुणी परत बेसिनकडे नेलं तर बाईंचा जीव वरखाली व्हायचा.

मावशी म्हणजे साऱ्या हॉस्पिटलच्या मावशी. खरं नाव हजेरीच्या यंत्राला काय ते ठाऊक. नव्या पोरी कामाला लागल्या की आधी त्यांच्या हाताखाली. "अगं ए बाई, कुठं निघालीस तो ट्रे घेऊन? आलीस तशी मागं फिर! माहेरचं घर आहे का तुझं, वाटेल तिथनं शिरायला?" असं एकदा ऐकलं की पोरगी जन्मात वाट चुकायची नाही. ओरडून झालं की त्याच पोरीला बाजूला बसवून चहाही पाजायच्या, हेही सांगायला हवं.

तर अशा बाईनं स्वतःच्या हातानं उलटा बाण काढला. चुकून नाही, मुद्दाम. ऐकून कपाळाला हात लावाल, पण आधी सगळं ऐकून घ्या.

मावशींना एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. ही ठकी लग्न करून इतकी लांब गेली की मध्ये दोन विमानं बदलावी लागत. मावशी सकाळची पाळी करून दुपारी घरी यायच्या तेव्हा तिकडं नुकतं उजाडलेलं असायचं. ठकी तिकडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. कडेवर नुकता चालायला लागलेला पोरगा आणि नवरा सदा फिरतीवर. फोन यायचा, नाही असं नाही. पण तो फोन म्हणजे काय?

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो. बाबा?"

"बरे आहेत. पोरगा?"

"बरा आहे. बरं मग..."

त्या 'बरं मग'ला मावशींना कळायचं, फोन संपला. लेक फोनवर असायची, पण तिचं लक्ष पोराकडे, दाराकडे, बसच्या वेळेकडे, एक आई सोडून सगळीकडे. फोन ठेवला की मावशी तो ओट्यावर पालथा घालायच्या आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला घ्यायच्या.

मावशींचे यजमान कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या करून द्यायचे. गल्लीत त्यांना किल्लीवाले काका म्हणत. दुपारी जेवायला घरी आले की बायकोचं ते ओटा पुसणं बघायचे आणि म्हणायचे, "अगं, झिजेल तो. लेकीला सांग ना सरळ, जरा बोलत जा म्हणून."

"सांगून बोललेलं काय कामाचं?" मावशी म्हणायच्या. "तिला बोलावंसं वाटायला हवं."

यावर काका आणखी एक पोळी मागून घ्यायचे. त्यांनाही लेक आठवायचीच, पण पुरुषमाणूस, घास मोठा घ्यायचा आणि गिळायचा.

अशात हॉस्पिटलनं फर्मान काढलं. विभागातल्या प्रत्येकानं ऑनलाइन कोर्स करायचा. पास होईल तो तिथंच राहील, नाही होणार त्याची बदली चादरी धुण्याच्या विभागात. इन्चार्ज सिस्टरनी सगळ्यांना एका ओळीत उभं करून हे सांगितलं. पोरींना हसू आलं, मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. व्हिडिओ बघायचे हे एक वेळ ठीक, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची तेही ठीक, पण दर आठवड्याला एक कन्सेप्ट मॅप करून पाठवायचा, ही काय नवीन भानगड?

भानगड अशी होती. धड्यात जे जे काही आलं त्याचा एकेक गोल काढायचा. हात हा एक गोल, जंतू हा दुसरा, जखम हा तिसरा. मग या गोलाकडून त्या गोलाकडे बाण काढायचा आणि प्रत्येक बाणावर शब्द लिहायचा, काय होतं तो. हाताकडून जंतूकडे बाण, त्यावर 'वाहून नेतात'. जंतूकडून जखमेकडे बाण, त्यावर 'चिघळवतात'. बाण मुका सोडला तर मार्क कापणार, बाण उलटा काढला तर त्याहून जास्त. आपण 'जमा करा' म्हणून बटण दाबायचं, नाही दाबलं तर शुक्रवारी संध्याकाळी मुदत संपली की फाइलमध्ये जे असेल ते कॉम्प्युटर आपणहून उचलून कोर्सच्या मॅडमकडे देऊन टाकायचा. एकदा गेलं की फाइलला कुलूप. मग तिच्यात काही हलवता यायचं नाही.

"गोल आणि बाण?" काका म्हणाले. "अगं, हे तर बालवाडीतलं. आता दप्तर आणि डबा तेवढा घे."

"तुम्ही किल्ल्या घासा," मावशी म्हणाल्या.

कपाटातून ठकीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप निघाला. त्याची बॅटरी कधीच मेलेली, वायर लावली तरच चालणार, आणि वायर पोचेल असा प्लग एकच, ओट्याच्या वरचा. म्हणून मावशींचा अभ्यास ओट्यावर, चिरलेली भाजी एका अंगाला आणि लॅपटॉप दुसऱ्या. उंच स्टुलावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्यांनी पहिला गोल काढला. तो अंड्यासारखा आला. दुसरा काढायला गेल्या तर पहिला पुसला गेला. बाण निघाला, पण त्याच्यावर शब्द काही केल्या चढेना. शेवटी रडकुंडीला येऊन त्यांनी लेकीला फोन लावला.

"थांब, थांब, घाबरू नको," ठकी म्हणाली. "ती फाइल मला दाखवायची सोय असते. वर कोपऱ्यात बघ. हां, तेच. दाब. माझा पत्ता घाल."

मावशींनी दाबलं. आणि काय झालं, तर स्क्रीनच्या कडेनं एक हिरवी खूण आत शिरली. तिच्या शेपटीला ठकीचं नाव चिकटलेलं, आणि नावापुढं लग्नाआधीचं आडनाव. खातं कॉलेजातलं ना, ते तिनं कधी बदललंच नव्हतं. खूण सरसर आली, अंड्यासारख्या गोलापाशी थांबली, गोल धरला आणि नीट केला. मावशी तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. तिकडं दोन विमानांपलीकडे बसलेली पोर इकडं त्यांच्या ओट्यावर काम करत होती.

"अगं बाई! तू दिसतेस मला!"

"मी कुठं दिसते? माझा माऊस दिसतो," ठकी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आता हा बाण तू काढ. मी नाही काढणार. इथनं धर... अगं, सोडलास का? धरून ठेव!"

मग काय झालं म्हणता! ठकी रागावली, तिनं समजावलं, पुन्हा रागावली. मध्येच म्हणाली, "तू भाजी चिरतेयस ना एकीकडे? आवाज येतोय." मध्येच पोरानं काय सांडलं ते सांगितलं. मध्येच लॅबमधल्या साहेबाची नक्कल केली. फोनवर जिला दोन वाक्यं सुचायची नाहीत तिला चूक दाखवायची म्हटल्यावर तोंड फुटलं. मॅप पुरा व्हायला दुपार सरत आली, काका पुन्हा टपरीवर जाऊन चहाला परत आले, तरी दोघी आपल्या जंतूंमध्ये. त्या दिवशी मावशींनी ओटा पुसला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मावशींनी हट्टानं सगळं स्वतः केलं. लेकीला दाखवायचं होतं ना, तुझी आई काही ढ नाही म्हणून! गोल गोलच आले, बाण सरळ, प्रत्येकावर शब्द. हिरवी खूण आली, मॅपवरून एकदा फिरली, बाजूच्या चौकटीत ठकीनं लिहिलं, 'आई, मस्त! मला काही कामच ठेवलं नाहीस. पळते.' आणि खूण गेली.

मावशी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या. शहाणपणा नडला म्हणतात तो असा. आपल्याच हातानं आपण लेकीला काम ठेवलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मॅप पुरा केला, दोनदा तपासला, आणि मग एका बाणावरचा शब्द हळूच पुसून टाकला.

ठकी आली. "आई, हा बाण मुका का?"

"अगंबाई, राहिला की काय? काय यायचं गं तिथं?"

"तूच सांग. विचार कर जरा."

मावशी विचार करू लागल्या. उत्तर जिभेवर होतं, तरी चांगला वेळ लावून विचार केला. तेवढ्यात ठकीनं विचारलं, "थंडी पडली का तिकडं?" मग थंडीवरून निघालं स्वेटरवर, स्वेटरवरून शाळेतल्या मैत्रिणीवर, आणि बाण आपला तसाच राहिला बिचारा.

चटक लागली हो बाईंना. दर आठवड्याला एक चूक. तीही मोजूनमापून, मीठ घालतात तशी, चवीपुरती. फार मोठी केली तर लेक म्हणेल, आई, तुला जमत नाही, सोडून दे. फार लहान केली तर एका टिचकीत सरळ करून पळेल. म्हणून मावशी बसमध्ये खिडकीशी बसून आठवडाभर विचार करायच्या, या खेपेला काय चुकायचं. नापास होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारी माणसं बघितली असतील तुम्ही. नीट चुकावं म्हणून झटणारी ही एकच.

काकांच्या एकदा लक्षात आलं. "अगं, मघाशी मी पाणी प्यायला आलो तेव्हा तिथं 'पाणी' लिहिलेलं होतं. आता 'साबण' कसं झालं?"

"तुमचे डोळे तपासून घ्या."

"माझे डोळे किल्लीचा दात बघतात, अगं."

"मग किल्लीचेच बघा!" मावशी अशा फिस्कारल्या की काकांनी पाण्याचा पेला घेतला आणि मुकाट बाहेरच्या खोलीत गेले. त्यांना कळायचं ते कळलं होतं. लेकीचा आवाज घरात घुमतोय, तर कुणी मोडता घालावा? म्हणून तेही मूग गिळून बसले. दोघंही सारखेच, काय सांगायचं!

पण सुख फार टिकलं नाही. ठकीच्या पाळ्या वाढल्या. खूण यायची, चूक हेरायची, नीट करायची आणि 'उद्या बोलू' लिहून जायची. तो उद्या पुढच्या आठवड्यावर जायचा. मावशींनी चुका जरा मोठ्या करून बघितल्या. ठकीचा हातही तेवढाच चपळ झाला. आणि बघता बघता शेवटचा मॅप आला.

त्याचा विषय होता, 'आपल्या विभागात सामानाचा प्रवास'. म्हणजे मावशींच्या अंगणातलाच. डोळे मिटूनही काढला असता त्यांनी. मळकी खोली, धुणं, बांधणं, ऑटोक्लेव्ह, स्वच्छ कपाट, वरचं ऑपरेशन थिएटर. एकही बाण हलवायची सोय नव्हती. काढून झाला आणि त्या बघत बसल्या. हा गेला की कोर्स संपला. कोर्स संपला की हिरवी खूण कशाला येईल? मग पुन्हा 'जेवलीस', 'जेवले', 'बरं मग'. त्यांना एकदम हुंदकाच आला. शेवटचं एकदा तरी लेकीनं पोटभर थांबावं, एवढंच मागणं होतं बाईचं, आणि ते कुणाकडे मागायचं तेच कळत नव्हतं.

तेव्हा त्यांनी तो बाण धरला. स्वच्छ कपाटाकडून निघालेला. थिएटरकडे जाणारं त्याचं टोक ओढून मळक्या खोलीला लावलं आणि वर लिहिलं, 'परत जातात'. पोरींपैकी कुणी असं केलं असतं तर विभाग डोक्यावर घेतला असता त्यांनी. पण एवढी मोठी चूक बघून ठकी किंचाळेल, दोन्ही हात डोक्याला लावेल, आणि आईला समजावल्याशिवाय हलायची नाही. मावशींनी तिला निरोप पाठवला, 'शेवटचा आहे. बघून जा गं.'

शुक्रवारची दुपार झाली. खूण नाही. ठकीचा निरोप आला, पोराला ताप आहे, बघते जमलं तर. मावशींनी भाजी निवडली, कपडे घडी केले, पुन्हा स्टुलावर येऊन बसल्या. काका चहाला आले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. चहाचा कप तसाच हातात राहिला.

"अगं, हे काय? हे मलासुद्धा कळतं. सरळ कर आणि दे पाठवून. मुदत संपत आली."

"करते हो. येईल ती. आली नाही तर शेवटच्या घटकेला करते."

आणि घ्या, खूण आली! अगदी शेवटी शेवटी, कडेनं आत शिरली, नाव दिसलं आणि कोपऱ्यात थांबली. मावशी सावरून बसल्या. आता सरकेल, आता किंचाळेल. खूण हलेना. मावशींनी लिहिलं, 'आहेस का?' उत्तर नाही. काका मागून म्हणाले, "अगं, कर की सरळ!" पण आता सरळ करायचं म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत करायचं. मग तिला कळणार, आईला येत होतं. मग ती जाणार. मावशींचा हात माऊसवर होता, बाणाचं टोक समोर होतं, आणि बाई त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसली. हल गं, एकदा हल. तिकडं ठकीनं लॅपटॉप उघडला होता खरा, पण त्याच क्षणी पोरानं अंथरुणात ओकारी केली आणि ती तशीच उठून धावली होती. हे इकडं कसं कळावं?

स्क्रीन एकदा पांढरी झाली. मग अक्षरं आली, 'आपला मॅप जमा झाला आहे.' फाइलला कुलूप लागलं. उलटा बाण आत, मावशी बाहेर.

"झालं समाधान?" काका म्हणाले, आणि मग बायकोचा चेहरा बघून त्यांनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरनी मावशींना आत बोलावलं. कोर्सच्या मॅडमनी त्यांनाच कळवलं होतं की बाकी सगळं ठीक, पण या विभागात काम करणाऱ्या व्यक्तीनं ही चूक करावी हे धोक्याचं आहे. सिस्टरनी कॉम्प्युटर मावशींकडे वळवला.

"मावशी, हे तुम्ही काढलंत?"

"हो, सिस्टर."

"अहो, पण मला तुम्ही शिकवलंत हे! मी नवीन होते तेव्हा माझ्या हातातला ट्रे हिसकावून घेतला होतात. बरं नव्हतं का? कुणी दुसऱ्यानं काढून दिलं का?"

मावशींना वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. काय सांगणार? लेकीची आठवण येते म्हणून? त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. सिस्टर भली बाई, पण तिच्याही हातात काही नव्हतं. मॅडमनी फाइल एकदा पुन्हा उघडून दिली होती, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करायची. तोवर मावशींनी स्वच्छ बाजूला पाऊल टाकायचं नाही. कापडं घडी करायची, बस. मावशी कोपऱ्यात बसून कापडं घडी करू लागल्या, आणि काचेपलीकडे त्यांच्या हाताखालच्या पोरी कपाट लावत होत्या. एकीनं हळूच चहा आणून ठेवला. तो निवून गेला.

घरी त्यांनी लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. दोन दिवस तो ओट्यावर मिटून पडला होता. तिसऱ्या दुपारी फोन वाजला.

"आई, लॅपटॉप उघड," ठकी म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

"पोरगा कसा आहे?"

"बरा आहे. उघड आधी."

मावशींनी उघडला. खूण आधीच आत होती, त्या उलट्या बाणावर जाऊन बसलेली. बाजूला मॅडमचा शेरा लाल अक्षरांत.

"हा शेरा मी काल बघितला," ठकी म्हणाली. "मला वाटलं माझ्यामुळे झालं. मी आले असते तर सुधारलं असतं. कालपासून जीव खातेय स्वतःचा. मग बसमध्ये माझ्या डोक्यात आलं. जी बाई धुतलेलं पातेलं मला कधी बेसिनकडे नेऊ द्यायची नाही, ती हा बाण काढेल? झोपेत तरी काढेल?"

मावशींनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"पाण्याच्या जागी साबण. हातमोज्यांचा मुका बाण. थर्मामीटरचा गोलच विसरलीस, त्या वेळी मी हसले होते. आई, सगळं येत होतं तुला. तू मुद्दाम करत होतीस."

"हो," मावशी म्हणाल्या.

"अगं, वेड लागलंय का तुला? काम गेलं असतं तुझं! इतक्या वर्षांचं काम! कशासाठी?"

"तू यावंस म्हणून."

"मग सांगायचं ना! ये म्हणायचं सरळ!"

"म्हटलं असतं तर आली असतीस?"

मावशींनी हे टोचून विचारलं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मग ठकी म्हणाली, "नसते आले."

"ते माहीत होतं मला. म्हणून तर चुकत होते."

बाहेरच्या खोलीत काका जेवता जेवता थांबले होते. त्यांना एकच बाजू ऐकू येत होती, पण तेवढी पुरली.

"कर आता सरळ," ठकी म्हणाली. "मी हात नाही लावणार. मी आहे इथं."

मावशींनी बाणाचं टोक धरलं आणि मळक्या खोलीपासून सोडवून थिएटरला नेऊन लावलं. 'परत जातात' पुसलं, 'वापरासाठी जातात' लिहिलं. मग उगाच एक गोल थोडा डावीकडे सरकवला, पुन्हा उजवीकडे आणला. ठकीला कळत होतं, तरी ती घाई कर म्हणाली नाही. सरकवायला काहीच उरलं नाही तेव्हा मावशींनी 'जमा करा' दाबलं. फाइलला कुलूप लागलं आणि हिरवी खूण स्क्रीनवरून गेली. फोन तेवढा चालू राहिला.

"पास होशील," ठकी म्हणाली.

"होईन."

"आई, एक सांगू? मला फोनवर बोलायची भीती वाटते. वाटतं, आता तू विचारशील कधी येतेस, आणि माझ्याकडे उत्तर नाही. रजा नाही, तिकिटाचे पैसे जमत नाहीत, ह्यांच्या कामाचं काही खरं नाही. म्हणून मी पळते. त्या मॅपमध्ये बरं वाटायचं. तिथं तू ते विचारायची नाहीस."

"मी तर कधीच विचारलं नाही गं. तुला जड होईल म्हणून तोंडातला शब्द गिळते मी."

"कळतं मला. त्याचंच जास्त ओझं होतं." ठकीचा आवाज फुटला. "विचार गं. एकदा विचारून टाक."

मावशींनी फोन दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं जो प्रश्न दाबून ठेवला होता तो ओठांवर यायला त्यांना वेळ लागला.

"कधी येतेस गं, ठके?"

"माहीत नाही, आई," ठकी म्हणाली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडायला लागली. मावशींनी तिला गप्प केलं नाही. त्या स्टुलावर बसून, फोन कानाशी घट्ट धरून, तिचं रडणं संपेपर्यंत ऐकत राहिल्या.